माफीचा व्हिडिओ करायचा का?

ताईंना सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सातारा जिल्ह्यात राहतो. घरात तीन पिढ्या माळ आहे, गुडघे दुखतात तरी वारी सोडलेली नाही. धाकटा मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. श्रावणातल्या सोमवारी गावच्या महादेवाला तरुण मंडळाने दोनशे लिटर दुधाचा अभिषेक केला. मुलाने त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, "दगडाला दोनशे लिटर दूध. अंगणवाडीतल्या पोरांना थेंब नाही." संध्याकाळी पंचवीस-तीस जण दारात आले. शिवीगाळ झाली, अंगणातलं तुळशीवृंदावन कलंडलं. दुसऱ्या दिवशी मंडळाने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तेव्हापासून रोज फोन येतो. हवालदार म्हणतात, "गुरुजी, तुम्ही भला माणूस. पोराला हात जोडून माफीचा व्हिडिओ टाकायला सांगा, आम्ही मिटवतो. नाहीतर कलम लागेल आणि नोकरीला मुकेल." सरपंचही तेच म्हणतात. मुलगा म्हणतो, मी खोटं काय लिहिलं? त्याची आई दोन दिवस धड जेवलेली नाही.

खरं सांगतो ताई, "दगड" हा शब्द मलाही लागला. त्या पिंडीवर मी पन्नास वर्षं पाणी घालतोय. मुलाच्या बाजूने उभा राहिलो तर देवाशी बेइमानी होईल का, असं मनात येतं. आणि एक गोष्ट लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी बाजारपेठेतल्या गॅरेजवरच्या एका मुलाने मोबाइलवर असंच काहीतरी टाकलं होतं. तेव्हा ग्रामस्थांच्या निवेदनावर मीही सही केली होती. त्याच्यावर केस झाली. तेव्हा ते मला बरोबरच वाटलं होतं.

आता काय करू? व्हिडिओ करायचा का?

एक वडील

•

गुरुजी, रामकृष्ण हरी.

तुमचं पत्र रात्री दोनदा वाचलं. ठाण्यातून पुन्हा फोन येण्याआधी हे उत्तर तुमच्या हातात पडावं, म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेते. व्हिडिओ करू नका. मुलाला करू देऊ नका. सरपंचांनी घरी येऊन गळ घातली तरी नाही.

हे मी माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगते आहे. वकिलीला चारच वर्षं झाली होती. कॉलेजच्या पाच मुलामुलींनी भोंदू बाबांवर पथनाट्य बसवलं, बाजाराच्या दिवशी चौकात केलं आणि देवाची विटंबना केली म्हणून त्यांच्यावर तक्रार झाली. पोरं माझ्याकडे आली. मला वाटलं, परीक्षा तोंडावर आल्यात, मिटलेलं बरं. मी माझ्याच पॅडचा कागद फाडला आणि दोन ओळी लिहिल्या: "आमच्या नाटकामुळे धार्मिक भावना दुखावल्या गेल्या. त्याबद्दल आम्ही बिनशर्त माफी मागतो." खाली पाच सह्या घेतल्या आणि तक्रार करणाऱ्यांच्या हातात तो कागद दिला. त्यांनी आम्हाला चहा पाजला. काही महिन्यांनी दोषारोपपत्र आलं तेव्हा तोच कागद त्यात जोडलेला होता. कोर्टात त्याला निशाणी पडली, म्हणजे तो पुरावा म्हणून नोंदला गेला. सरकारी वकिलांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, आरोपींनी स्वतःच कबूल केलं आहे. अक्षर माझं होतं. "बिनशर्त" हा शब्द तर कुणी मागितलाही नव्हता, तो मीच माझ्या मनाने घातला होता. पाचही जण सुटले, पण सात वर्षांनी. त्यातली एक मुलगी सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकली आणि ती जागा हातची गेली. लग्नकार्यात कधी भेटते तेव्हा त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. माझ्या मात्र डोळ्यांपुढे तो कागद येतो.

त्या प्रकरणात मी जे शिकले ते तुमच्या कामाचं आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. हे संरक्षण आपल्या पुराव्याच्या कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या कायद्यातही टिकलं आहे. माफीचा व्हिडिओ केला की ते संरक्षण आपण आपल्या हाताने सोडून देतो, कारण तो ठाण्यातला जबाब राहत नाही, चारचौघांत केलेलं वक्तव्य होतो. शिवाय "आम्ही मिटवतो" या शब्दाला कायद्यात आधार नाही. धार्मिक भावनांचं हे कलम आपसात तडजोड करून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. एकदा एफआयआर नोंदला गेला की तो मागे घेणं ना हवालदारांच्या हातात, ना मंडळाच्या.

माफीने राग तरी शमतो का? २०१५ च्या जानेवारीत शिरीन दळवी या मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक होत्या. पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्र साप्ताहिकावरच्या बातमीसोबत त्यांनी त्याचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं. लोक भडकले तशी त्यांनी आपल्याच पेपरात पहिल्या पानावर माफी छापली. तरीही वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी झाल्या, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली, पेपरची मुंबई आवृत्ती बंद पडली आणि मुलांसकट त्यांना घर सोडून लपून राहावं लागलं. माफी छापून झाली होती, तरी यातलं काहीच टळलं नाही.

आता उद्या सकाळपासून काय करायचं ते.

हवालदारांना शांतपणे विचारा, गुन्हा नोंदवलाय की नुसता अर्ज आहे? नोंदवला असेल तर एफआयआरची प्रत मागा. चौकशीला बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्या, आम्ही त्या दिवशी वकिलांसह हजर राहू, एवढंच म्हणा. फोनवरच्या बोलावण्यावर मुलाला एकटं पाठवू नका. लावतील ते कलम बहुधा भारतीय न्याय संहितेचं २९९ असेल. जुनं २९५-अ म्हणायचे तेच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. हे ऐकून त्याच्या आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून लगेच पुढचं सांगते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच बजावलं आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्या माणसाला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. तरी तालुक्यातल्या चांगल्या फौजदारी वकिलाला आजच गाठा आणि सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवायला सांगा.

जबाब घेतला तर त्यावर सही करायची सक्ती नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेऊच नये, असं कायदाच सांगतो. फोन मागितला तर पंचनामा झाल्याशिवाय द्यायचा नाही.

आणि स्टेटस. ते चोवीस तासांत गेलं असणार. दारात आलेल्यांच्या मोबाइलवर जो स्क्रीनशॉट फिरतोय त्यात दोन्ही ओळी आहेत का, ते पाहा. माझ्या अनुभवात असे स्क्रीनशॉट कापलेले असतात. "दगडाला दोनशे लिटर दूध" एवढंच ठेवून खालची अंगणवाडीची ओळ उडवली असेल, तर सगळा अर्थच बदलतो. मुलाच्या मित्रांपैकी कुणाकडे पूर्ण स्क्रीनशॉट असेल तर तो जपून ठेवायला सांगा. त्याच्या फोनमधलं काहीही पुसू नका. उद्या कोर्टात सगळी केस त्या दुसऱ्या ओळीवर उभी राहणार आहे. का, ते पुढे सांगते.

दारात जमाव आला होता त्याबद्दलही तक्रार द्या. तुळशीवृंदावन पडलं त्याचा फोटो काढा. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. पुन्हा माणसं जमली तर ११२ ला फोन करा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे आणि त्यातली निम्मी पोरं तुमच्याच शाळेत शिकलेली असतील. पण कागदावर एकाच बाजूची तक्रार राहिली तर पुढे तेच खरं धरलं जातं.

मुलगा म्हणतो, मी खोटं काय लिहिलं. त्याला सांगा की खरं असणं या प्रकरणात पुरत नाही. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या एका चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू हे बुद्धिवादी कार्यकर्ते तिथे गेले, भिंतीमागे पाहिलं आणि टीव्हीवर सांगितलं, की तुंबलेल्या नाल्याचं पाणी भिंतीत चढून क्रूसातून झिरपतंय. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. हे तुम्ही सातवीच्या पोरांना शिकवलं असेल. त्यांच्यावर मुंबईत २९५-अ खाली तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. त्यांचं म्हणणं खोटं आहे का, हे तपासायला कुणी तो नाला उघडायला लावला नाही. या कलमात तो प्रश्नच येत नाही. कलम विचारतं ते हेतूबद्दल, आणि तुमच्या मुलाची बाजू तिथेच भक्कम आहे.

या कलमाचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगते. १९२४ साली लाहोरमध्ये पैगंबरांच्या खाजगी आयुष्यावर एक पुस्तिका निघाली. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं, प्रकाशक होते राजपाल. पुस्तिका सद्हेतूने लिहिली होती असं मी म्हणणार नाही. राजपाल यांच्यावर खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षाही झाली. पण १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने सोडून दिलं. न्यायमूर्ती दलीपसिंग यांचं म्हणणं होतं की तेव्हाचं कलम दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे, दिवंगत धर्मगुरूवरची टीका त्यात बसत नाही. त्यावर मोठा क्षोभ झाला आणि त्याच वर्षी सरकारने २९५-अ आणलं. मसुद्यावर विचार करणाऱ्या समितीत बॅरिस्टर जिनाही होते. इतिहास लिहिणारे, सत्य शोधणारे आणि धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यांना संरक्षण राहिलं पाहिजे, असं त्यांनी कायदेमंडळात बजावलं होतं. "हेतुपुरस्सर" आणि "दुष्ट हेतूने" असे दोन शब्द कलमात आहेत ते या काळजीपोटी. एवढं होऊन राजपाल वाचले नाहीत. १९२९ च्या एप्रिलमध्ये लाहोरला त्यांचा खून झाला आणि मारणाऱ्या तरुणाला त्याच वर्षी फाशी झाली. कायदा केला की लोकांचा राग कोर्टात जिरेल, ही आशा अशी पहिल्या दोन वर्षांतच फोल ठरली.

ते दोन शब्द कलमात नसते तर काय झालं असतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. फाळणीनंतर हेच कलम पाकिस्तानातही राहिलं. पण तिथे १९८६ मध्ये २९५-क जोडलं गेलं आणि त्यात हेतूची अट घातलीच नाही. पैगंबरांच्या अपमानाची अप्रत्यक्ष सूचनाही गुन्हा, आणि शिक्षा मृत्यूपर्यंत. २००९ मध्ये पंजाबातल्या एका खेड्यात आसिया बीबी ही ख्रिस्ती मजूर बाई शेतात पाणी पिण्यावरून झालेल्या भांडणात या कलमात अडकली. २०१० मध्ये फाशीची शिक्षा, आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. मधली आठ-नऊ वर्षं तुरुंगात. तिच्या बाजूने बोललेले पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ च्या जानेवारीत त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. आपल्याकडे कुणी "कायदा आणखी कडक करा" म्हटलं की मला ते शेत आणि तो पाण्याचा पेला आठवतो.

आपल्या न्यायालयांनी ते दोन शब्द जपले आहेत, हे गुरुजी, तुम्ही मुलाच्या आईला मुद्दाम सांगा. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २९५-अ वैध ठरवलं, पण त्याच निकालात म्हटलं की धर्माचा प्रत्येक अपमान हा गुन्हा नव्हे, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला गंभीर अपमानच शिक्षेला पात्र. २०१७ मध्ये महेंद्रसिंह धोनीचं प्रकरण आलं. एका मासिकाने त्याला विष्णूच्या रूपात, हातात जाहिरातींच्या वस्तू घेतलेला, मुखपृष्ठावर दाखवलं होतं. त्या वस्तूंत बूटही होता. नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात येत नाही, असं म्हणून न्यायालयाने खटला रद्द केला.

सगळ्यांत जवळचा निकाल २८ मार्च २०२५ चा आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून जामनगरला गुन्हा नोंदवला गेला होता. त्यात हे २९९ ही होतं. गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांचं पीठ होतं. बोलण्या-लिहिण्यावरून आलेल्या अशा तक्रारीत, जिथे शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे, तिथे पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यांनी सांगितलं. ही चौकशी उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत करायची असते. तुमच्याकडे अजून नुसता अर्जच असेल, तर वकिलांना या निकालाची प्रत जोडून ठाण्यात लेखी निवेदन द्यायला सांगा.

त्या निकालात एक जुनं वाक्य पुन्हा आलं आहे आणि ते आपल्या नागपूरचं आहे. १९४६ साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं होतं, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने. डळमळत्या मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने मोजायचा नाही. देश पारतंत्र्यात असताना लिहिलेलं हे माप आजही सर्वोच्च न्यायालय वापरतं. २०२४ च्या मार्चमध्ये ओक आणि भुयान याच दोघांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा गुन्हा रद्द केला होता. तोही व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून हातकणंगले ठाण्यात नोंदवलेला. कलम वेगळं होतं, पण मोजायला हेच माप लावलं गेलं.

या मापाने तुमच्या मुलाच्या दोन ओळी वाचा. पहिलीत "दगड" आहे. दुसरीत अंगणवाडीतली पोरं आहेत. देवाची टर उडवायची असती तर तो पहिल्या ओळीवर थांबला असता. त्याला दूध कुठे जायला हवं हे सांगायचं होतं. धर्मावरच्या प्रामाणिक टीकेला संरक्षण हवं, असं १९२७ साली म्हटलं गेलं ते असल्याच ओळींसाठी. त्याने एखाद्या वस्तीवर चाल करून जा म्हटलं असतं, एखाद्या जमातीला मारा म्हटलं असतं, तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. त्याची बाजू घेतली नसती.

एक अडचण मात्र स्पष्ट सांगते. या कलमाखाली सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय कोर्ट खटल्याची दखल घेऊ शकत नाही. ऐकायला हे संरक्षण वाटतं आणि आहेही. पण परवानगीची फाइल लवकर हलत नाही, तोवर केस नुसती लोंबकळते. पासपोर्ट, पडताळणी, नोकरी, प्रत्येक ठिकाणी "गुन्हा प्रलंबित" असं लिहावं लागतं. म्हणून एफआयआर झालाच, तर वाट पाहत बसू नका, उच्च न्यायालयात तो रद्द करायचा अर्ज करा. २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आहे आणि सातारा त्यातच येतो. मुंबईचे हेलपाटे वाचतील.

आता तुमच्या मनातलं. देवाशी बेइमानी होते का?

तुम्ही माळकरी आहात, मी तुम्हाला काय सांगावं. पण नामदेवरायांच्या अभंगांत पाषाणाचा देव भक्ताशी बोलतो असं सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही मूर्ख म्हटलेलं तुम्ही टाळ हातात घेऊन गायलं असेल. "पाषाण" म्हणजे दगडच की. नामदेवांनी म्हटलं तर भजन होतं आणि तुमच्या पोराने म्हटलं तर कलम लागतं. लागण्यासारखा शब्द आहे हे मी नाकारत नाही. पन्नास वर्षं ज्या पिंडीवर पाणी घातलं तिला आपल्याच रक्ताने दगड म्हणावं, हे दुःख खरं आहे. ते गिळू नका. मुलाला संध्याकाळी ओट्यावर बसवा आणि सांगा, बाळा, मला हे लागलं, का लागलं ते ऐक. तो कदाचित म्हणेल, बाबा, चुकलो. कदाचित म्हणेल, शब्द चुकला, मुद्दा नाही. तुमच्यात जी काही माफी मागायची-द्यायची असेल ती त्या ओट्यावर होऊ दे. तिथे मोबाइल नको आणि हवालदार तर नकोच. तुमचं मन दुखावलं म्हणून मुलगा तुमचं काही देणं लागत असेल, पोलीस ठाण्याचं लागत नाही.

आणि मुलाच्या बाजूने उभं राहायला त्याचं म्हणणं पटलंच पाहिजे असंही नाही. तुम्ही ठाण्यात गळ्यात माळ घालून जा. "मी वारकरी आहे, मला तो शब्द आवडला नाही, पण यात गुन्हा नाही," असं तुम्ही तिथल्या अधिकाऱ्यांसमोर म्हणालात, तर त्याचं वजन माझ्या दहा निकालांहून जास्त पडेल. ज्याला ते लिहिणं आवडलं त्याने बाजू घेतली तर कुणी फारसं ऐकत नाही. ज्याला लागलं तो घेतो तेव्हा समोरच्यालाही क्षणभर थांबावं लागतं.

आता निवेदनावरची सही. पत्राच्या शेवटी तुम्ही ते घाईत लिहून टाकलंत, पण सगळ्या पत्रात मला तेच वाक्य सर्वांत मोठं वाटलं. ते लिहिल्याबद्दल मी तुमचे आभार मानते.

गॅरेजवरच्या त्या मुलाने काय टाकलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आता नीट आठवतही नसेल. अशा निवेदनांवर सही करताना मूळ मजकूर वाचलेला असतोच असं नाही. कुणीतरी कागद पुढे करतो, वर पंचवीस सह्या आधीच असतात, आणि आपण पेन उघडतो. तो मुलगा तुमच्या आळीतला असता, तुमच्या वर्गातला असता, तर तुम्ही आधी त्याला हाक मारून विचारलं असतं, काय रे, काय लिहिलंस? जी चौकशी तुम्ही आज तुमच्या मुलासाठी मागता आहात, ती त्याच्या वाट्याला आली नाही. तो तुम्हाला आपला वाटला नाही म्हणून. हे कठोर आहे, पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्याच्याही घरी आई असेल आणि तीही दोन दिवस जेवली नसेल.

यावर पश्चात्ताप करत बसण्यापेक्षा एक काम करता येईल. त्याची केस अजून चालू आहे का ते काढा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावाने सापडते, तुमचा मुलगा दोन मिनिटांत शोधून देईल. पुढची तारीख आणि त्याच्या वकिलांचं नावही तिथे दिसेल. थेट त्या मुलाला गाठू नका. तुम्ही त्या प्रकरणातले साक्षीदार ठरू शकता आणि परस्पर भेटलात तर त्यालाच त्रास होईल. त्याच्या वकिलांकडे जा. निवेदनावर सही करताना मी मजकूर वाचला होता की नव्हता, आणि आज ही केस चालू ठेवण्यात मला रस नाही, हे जसं असेल तसं शपथपत्रावर देता येतं. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज त्याने उच्च न्यायालयात केला, तर सही करणाऱ्यांपैकी एकाचं असं शपथपत्र त्याच्या उपयोगी पडू शकतं. आधी तुमच्या वकिलांना दाखवून घ्या. ते कदाचित म्हणतील, गुरुजी, हे आता कशाला, आपलीच केस निस्तरू द्या. तरीही करा, असं माझं सांगणं आहे.

वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं.

त्या वकिलांकडे जाताना धाकट्याला बरोबर घ्या. तुम्ही निवेदनावर सही केली होती हे त्याला माहीत आहे का, ते पत्रातून कळलं नाही. माहीत नसेल, तर ओट्यावर बसाल त्या संध्याकाळीच तुम्ही त्याला ते सांगा.